उधारी पहिल्या भागात, वसुली दुसऱ्यात

गेल्या आठवड्यात मामाकडे वास्तुशांत होती. जेवणं उरकली, मंडळी सतरंजीवर आडवी झाली आणि मी आणि माझा मामेभाऊ (वय ४३, दोन पोरांचा बाप, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) वीस वर्षं जुनं भांडण घेऊन पुन्हा बसलो. प्रिन्स ऑफ पर्शिया, आमचा जुना व्हिडिओ गेम. 'सँड्स ऑफ टाइम' भारी की त्याच्यानंतर आलेला 'वॉरियर विदिन'? आवाज इतके चढले की मामी दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं जमिनीवरून पेटलंय.

दादाचं म्हणणं २००५ पासून तसूभर हललेलं नाही. पहिला गेम म्हणजे गोष्ट, दुसरा म्हणजे खाटीकखाना. वर त्याच्याकडे हुकमाचा एक्का आहे. १९८९ चा मूळ प्रिन्स बनवणारा जॉर्डन मेक्नर, ज्याने धाकट्या भावाला पळायला-लोंबकळायला लावून, त्याचं शूटिंग करून त्यावरून प्रिन्सची चाल उतरवली, तो 'सँड्स'चा लेखक होता. 'वॉरियर विदिन'मध्ये तो नव्हता आणि त्यातला रक्तपात आपल्याला रुचला नाही हे त्याने उघड सांगितलं होतं. "बापच म्हणतोय पोरगं बिघडलं, तू कोण मध्ये बोलणारा?" इति दादा.

(ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांनी इथूनच परत फिरा. पुढे सगळं फोडणार आहे.)

आधी एक कबुली देतो. पहिला गेम मी खेळलो नाही, पाहिला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये जीफोर्स ४ एमएक्स ग्राफिक्स कार्ड होतं आणि नेमकं त्याच कार्डावर 'सँड्स' चालायचाच नाही. मग मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला दादाच्या खोलीत मुक्काम. तो खेळणार, मी बाजूला स्टुलावर बसून आंबे खात बघणार. आणि तो गेम बघण्यासारखाच होता. अख्खी गोष्ट प्रिन्स स्वतःच्या तोंडाने सांगत असतो, घडून गेलेली गोष्ट म्हणून. दादा दरीत पडला की प्रिन्स म्हणायचा, नाही नाही, असं झालं नव्हतं, थांबा, परत सांगतो. 'गेम ओव्हर' या रटाळ पाटीला इतकं गोड उत्तर मी पुन्हा कुठल्याच गेममध्ये पाहिलं नाही.

आणि फराह. महाराजांची मुलगी, आपल्याकडची. प्रिन्सशी भांडते, फटीतून पलीकडे जाऊन दार उघडते, कधी तिचा बाण चुकून प्रिन्सलाच लागतो. प्रिन्सच्याच हातून मोकळी सुटलेली काळाची जादूई वाळू सगळ्यांची वाट लावते, म्हणून शेवटी तो सगळा काळ मागे फिरवतो. राजवाडा वाचतो, माणसं वाचतात, पण फराहला तो आठवत नाही. तेव्हा कळतं की इतका वेळ तो ही गोष्ट तिलाच सांगत होता. ती नाव विचारते आणि तो तिनेच पूर्वी सांगितलेला, तिच्या आईकडून आलेला गुपित शब्द उच्चारतो: काकोलुकिया. मला थेट पंचतंत्रातलं काकोलूकीय आठवलं. दादा तेव्हा पाच मिनिटं काही बोलला नव्हता. पंख्याकडे बघत बसला होता.

तर पहिला भाग भारी आहे, याबद्दल वाद नाहीच. मारामाऱ्या कंटाळवाण्या आहेत (डोक्यावरून उडी, पाठीत वार, खंजीर, पुन्हा डोक्यावरून उडी, आणि त्या लिफ्टमधल्या मारामारीने दादाचा कीबोर्ड गेला), पण ते सोडून देऊ.

दुसऱ्या भागाची पापंही मला पाठ आहेत. हळव्या, बढाईखोर प्रिन्सच्या जागी दात-ओठ खाणारा एक पैलवान आला. आवाज देणारा नटसुद्धा बदलला. पार्श्वसंगीतात गॉडस्मॅक या मेटल बँडची गिटार. बायकांचे कपडे आणि कॅमेऱ्याचा रोख असा की आज मुलगी खोलीत असताना तो गेम लावायची हिंमत नाही. त्याच त्या खोल्यांतून दहादा ये-जा. हे सगळं मान्य. कारखान्यात कोणीतरी ठरवलं की पोरांना रक्त हवंय, आणि ओतलं बादलीभर.

पण दादा, दहाका!

पहिल्या गेममध्ये प्रिन्सने काळ मागे फिरवला आणि त्याची किंमत काय मोजली? एक मुलगी त्याला विसरली. बस्स. हजारो माणसं मेलेली जिवंत झाली आणि हिशेब कोणी मागितला नाही. दुसरा गेम सात वर्षांनी सुरू होतो तो याच प्रश्नावर. ज्याने वाळू मोकळी केली त्याचं मरण ठरलेलं होतं, तो जगतोय म्हणजे उधारीवर जगतोय, आणि वसुलीला दहाका, काळाचा राखणदार राक्षस, निघालाय. त्याच्याशी लढता येत नाही, फक्त पळायचं. पडद्यावरचे रंग उडतात, मागून काळे हात येतात, आणि कुठेतरी पाण्याचा पडदा गाठला तरच सुटका, कारण पाण्यातून तो येऊ शकत नाही. हा गेम मी एकट्याने खेळलो, नवं कार्ड टाकून, रात्री, घरचे झोपल्यावर. दादासारखा प्रेक्षक माझ्या बाजूला नव्हता. कदाचित म्हणूनही तो मला जास्त लागला असेल.

आणि त्याहून भारी: वाळू जन्मालाच येऊ नये म्हणून प्रिन्स भूतकाळात जाऊन ती घडवणाऱ्या काळाच्या सम्राज्ञीला मारतो, आणि तिच्या मरणातूनच वाळू जन्माला येते. टाळायला गेला तेच त्याच्या हातून घडलं. मग तो मुखवटा घालून छाया बनतो आणि आपण आधी पाहिलेले प्रसंग दुसऱ्या बाजूने जगतो. मघाशी दुरून दिसलेली ती काळी आकृती, जिला दहाकाने ओढून नेलं, ती आपणच होतो हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

म्हणून माझं मत: दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. पण तो पहिल्याला जो प्रश्न विचारतो तो रास्त आहे, आणि तो ऐकल्यावर पहिल्याचा शेवट मला पूर्वीसारखा गोड लागत नाही. दादा म्हणतो, गोष्ट काकोलुकियावर संपली होती, पुढे खरडायची गरजच नव्हती. काकोलुकियावर रडला तो, म्हणून त्याला पुढचं काही नकोच आहे.

(२०२० मध्ये 'सँड्स'चं नवं रूप युबिसॉफ्ट या गेम-कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत बनतंय असं जाहीर झालं तेव्हा दादाने घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. ट्रेलरच्या ग्राफिक्सची जगाने थट्टा केली, तारखा पुढे गेल्या, २०२२ मध्ये काम माँट्रियालला गेलं. तो विषय त्याच्यासमोर काढायचा नाही.)

तर सतरंजीवर, भांडण ऐन रंगात असताना मी सहज विचारलं, तुला दोनांपैकी कुठला शेवट मिळाला? आयुष्य वाढवणारे नऊच्या नऊ टप्पे शोधलेस तर पाण्याची तलवार मिळते आणि खरा शेवट वेगळाच आहे. दादा गप्प. मग कळलं, साहेबांनी दुसरा भाग पुरा खेळलेलाच नाही! तासाभरात बंद केला होता. वीस वर्षं हा माणूस तासाभराच्या जोरावर माझ्याशी भांडतोय.

मामीसमोर शपथ घालून त्याला गेम टाकायला लावला. काल रात्री पावणेबाराला फोन. मला वाटलं मामाचं काही झालं. पलीकडून दादा कुजबुजत होता, बहुधा वहिनी झोपली होती: "अरे तो मागे लागलाय. पाणी कुठेय ते सांग पटकन."