आधी चर, मग चारी

नमस्कार दादा,

तळं आटवून काढलेल्या जमिनीवर सिंचन आखायचं तर आधी जादा पाणी काढणाऱ्या चरांचा, म्हणजे निचऱ्याचा नकाशा काढा, पाणी देणाऱ्या पाट-चाऱ्यांचा नंतर, असं मी लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, जतसारख्या दुष्काळी माळावरच्या माणसाला निचरा शिकवू नका, उगाच भीती घालू नका. हॉलंडने तळ्यात सोनं पिकवलं. आणि आपल्याकडंही धरणाच्या गाळपेरीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात, हरभरा येतोच की.

जतचं मान्य. पण माळावरचं जादा पाणी उताराने ओढ्याला लागतं. तळ्याचा तळ हाच शिवारातला सगळ्यात खोल भाग, तिथलं पाणी जाणार कुठं? गाळपेरीत ओलीवर एक पीक काढून माणूस मोकळा होतो, तिथं बारमाही पाणी कोण देतंय?

आता हॉलंड. हार्लेममेअरचं तळं वाफेच्या तीन पंपांनी १८५२ साली कोरडं झालं, सुमारे १८,००० हेक्टर जमीन निघाली. सरकारने ती तशीच विकली. चर अपुरे, रस्ते नाहीत, वर हिवताप. पहिल्या शेतकऱ्यांतले कित्येक टिकले नाहीत. शंभर वर्षांनी, १९५७ साली तिथंच पूर्व फ्लेव्होलँड हा पाण्याखालचा भाग उपसला तेव्हा ही घाई केली नाही. चिखलात माणूस उतरेना म्हणून विमानातून पाणगवताचं बी फेकलं. गवताने ओल ओढली, चिखलाला भेगा पडल्या, मग चर खणले. पहिली काही वर्षं सरकारने स्वतः पिकं घेतली आणि नंतर जमिनी शेतकऱ्यांच्या हाती दिल्या.

एक चूक मात्र माझी. तिथं पाणी नुसतं बाहेर काढतात, असं माझ्या लेखातून वाटतं. कोरड्या उन्हाळ्यात त्याच चरांत बाहेरून पाणी आतही घेतात. हे लिहायला हवं होतं.

राहिलं भीती घालण्याचं. वाळव्याकडं आमचं दीड एकर काळं रान आहे. उपसा योजनेचं पाणी आलं आणि पहिली काही वर्षं ऊस बघत राहावा असा आला. मग खालच्या कडेने पिवळा पडत गेला. सकाळी गेलं की वरंब्याच्या माथ्यावर पीठ सांडल्यासारखं मीठ. दोन फूट खांदलं की खड्ड्यात पाणी, जिभेला लावलं तर मचूळ. वाफसाच येईना, म्हणजे मशागतीजोगी ओल राहून माती मोकळी होईना. योजनेच्या नकाशात एकेक चारी दाखवली होती, चर एकही नव्हता.

आता जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालायचे म्हटलं, तर त्यांचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला वाट लागते. मधे दोघांची रानं आहेत. एक जण तयार आहे. दुसरा म्हणतो, तुमचं मीठ माझ्या बांधाला कशाला? त्याचंही काय चुकलं? तळ्यातनं निघालेल्या जमिनीवर अजून बांध पडलेले नसतात, तेवढ्यात चराचा पट्टा राखून ठेवा, एवढंच माझं मागणं होतं.