‘पहिलं पाडलं तर पुन्हा राहत नाही’ आणि त्या मेसेजमधलं बाकीचं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक मेसेज फिरला. वर लिहिलेलं, ‘सुनांना, मुलींना आवर्जून वाचायला द्या.’ सार असं: पहिला गर्भ पाडला तर पुन्हा मूल होत नाही. मन जन्मभर सावरत नाही. नवऱ्याच्या सहीशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, आणि तीन महिन्यांनंतर तो गुन्हाच. म्हणून नकोच असेल तर लगेच दुकानातून गोळ्या आणून घरच्या घरी मोकळं व्हावं. पाठवणाऱ्या काकूंचा हेतू वाईट नसेलही, पण आधी घाबरवायचं आणि मग भलत्या वाटेला लावायचं, असा हा प्रकार आहे. मी इथेच औषधाच्या दुकानात उभी असते, म्हणून शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करते.

काउंटरवर बाई स्वतः क्वचितच येते. नवरा येतो, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि आवाज खाली करून म्हणतो, “दिन चढ़ गए हैं, किट दे दो.” किती दिवस झाले? “एक महीना.” हा हिशोब पाळी चुकल्यापासूनचा. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे त्याचा एक महिना हे खरे आठ आठवडे. किटात मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात. आपल्याकडे ते नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायचं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. मग तो तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातो, आणि तिथे मिळतही असेल.

चिठ्ठीचा हट्ट कशासाठी? गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल, तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्त मात्र जातं. बाईला वाटतं, झालं मोकळं. पुढे नळी फुटली की जिवावर बेततं. शिवाय २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्यांच्या अंगात मुळातच रक्त कमी, त्यांनी कुणाला न सांगता न्हाणीघरात रक्तस्राव सोसायचा? सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप असेल किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, तर रात्र असो की सणवार, दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी वेळेवर, नीट दिलेल्या गोळ्या मात्र सुरक्षित आहेत, हेही तितकंच खरं.

आता पुन्हा मूल न होण्याबद्दल. नीट केलेल्या गर्भपाताने पुढच्या गर्भधारणेला बाधा येत नाही. उलट दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत विचारून घ्यावं. भीती आली कुठून, ते समजतं: अर्धवट राहिलेला गर्भ, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग, जुन्या पद्धतीने खरवडून केलेलं क्युरेटिंग. यांनी नळ्या आणि पिशवी खरोखर खराब होतात. म्हणजे जो सल्ला मेसेज देतो, त्यातूनच त्याची भीती खरी ठरायची!

सहीचं. गर्भपाताचा १९७१ चा कायदा २०२१ मध्ये बदलला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, आणि तेही ठराविक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी. गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं, लग्न झालेलं असो वा नसो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांच्या सोयीतूनही अविवाहितांना वगळता येणार नाही, असं सांगितलं. १८ वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. काही ठिकाणी अजूनही ‘मिस्टरांना आणा’ म्हणतात. कायद्यात तसं कुठेही नाही. सोनोग्राफीच्या दारावरची लिंग परीक्षणाच्या मनाईची पाटी वाचून बरेच जण गर्भपातालाच बंदी समजतात. तो १९९४ चा कायदा वेगळा.

मनाचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. काही जणींना रडू येतं, अपराधी वाटतं, सुटल्यासारखंही वाटतं, कधी हे सगळं एकाच दिवशी. पण जन्मभर? अमेरिकेतल्या एका अभ्यासात, गर्भपात मागायला आलेल्या सुमारे हजार जणींना पाच वर्षं विचारत राहिले. ज्यांचा गर्भपात झाला, त्यांतल्या बहुतेक जणींना शेवटपर्यंत निर्णय बरोबरच वाटला; आणि ज्यांना तो नाकारला, त्यांच्यात सुरुवातीला चिंता जास्त होती. इथल्या एकत्र कुटुंबाचं गणित त्यात नाही, हे मान्य. म्हणूनच मला भीती वाटते ती जबरदस्तीची, मग ती ‘पाड’ म्हणणारी असो की ‘ठेव’ म्हणणारी. सासू, नवरा, आई बाहेर थांबलेत आणि डॉक्टरांशी ती एकटी बोलते आहे, एवढं तरी व्हायला हवं. आधी कधी नैराश्य आलं असेल तर ते तिथे सांगावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे नातलग ऐकत नसतात.

जिने ठेवायचं ठरवलं, तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. जणू तिचं काम संपलं. तिने फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम लगेच सुरू करावं, हिमोग्लोबिन तपासावं, आणि फिट्सच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद न करता त्यांची पाकिटंच डॉक्टरांपुढे ठेवावीत.