बापटची घरची भाषा

शुक्रवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या देशी दुकानासमोर, अव्याच्या गाडीच्या बॉनेटवर चहाचे कप. बापट उशिरा आला, चेहरा घरावर जप्ती आल्यासारखा.

"स्पॅनिश इमर्शनच्या, म्हणजे बरंचसं स्पॅनिशमधूनच शिकवणाऱ्या शाळेच्या लॉटरीत धाकटीचा नंबर नाही लागला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची रांग वेगळी असते म्हणे, तिथे जागा आहेत. फॉर्मवर घरची भाषा स्पॅनिश लिहू का?"

"लिही की," शिल्पा म्हणाली. ती अशाच एका शाळेत शिकवते. "थोरल्याच्या वेळी इंग्लिश लिहिलीस, मराठी लिहिलं तर ईएलपॅकची, म्हणजे इंग्लिश किती येतं त्याची परीक्षा द्यावी लागेल म्हणून. तुझ्या घरी मराठी सोडून सगळं चालतं."

मंडळाच्या नाटकात बापटने तिचं काम कापलं होतं. ते ती विसरलेली नाही, आणि का विसरावं?

अव्याला वेगळीच काळजी. "किंडरमध्ये नव्वद टक्के स्पॅनिश? मग पोरं इंग्लिश वाचणार कधी?"

"पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं होतं रे. तोवर सोबतची पोरं बोलायला शिकवतात. तीच तर गंमत आहे." मग ती बापटकडे वळली. "१९६३ला मायामीत कोरल वे शाळेत क्यूबाहून आलेल्यांची पोरं आणि तिथली इंग्लिश बोलणारी पोरं एकत्र शिकायला लागली. इथे मात्र १९९८ला मतदानाने २२७ नंबरचा कायदा आणून मेक्सिकन पोरांना सांगितलं, इंग्लिशमध्येच शिका. २०१६ला मतदानानेच आलेल्या ५८ नंबरच्या कायद्याने दार उघडलं, तर दारात आपण टेस्ला लावून उभे!"

"मी कुठे ५८ला विरोध केला?"

"तुला मत होतं कुठे? एच-वनवर होतास."

"पण बारावीला डिप्लोम्यावर बायलिटरसीचं, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात असं सील मिळतं," बापटने फोनवर एक्सेल उघडली. त्यात २०३९पर्यंतचे रकाने होते.

"त्या पोरांची आई दोन शिफ्ट करते, तिला लॉटरीची तारीखसुद्धा कळत नाही. तिच्या पोराची जागा घ्यायची, वर त्यानेच तुझ्या पोरीला फुकट स्पॅनिश शिकवायचं?"

बापट गप्प. अव्याने कपात उरलेला चहा त्याच्या कपात ओतला.

"आणि त्या रांगेतल्या पोरांची तोंडी परीक्षा घेतात हां," शिल्पाने शेवटचं सांगितलं.

"घेऊ देत! तिला येतं. मी स्वतः शिकवलंय. उनो, दोस, त्रेस…"

"पुढे?"

"पुढे… चार."

अव्याला असा ठसका लागला की दुकानातला पोरगा पाणी घेऊन धावला. बापट अजून विचारत होता, "काय झालं? चारच ना?"