पंधराव्या भागाचं नाव काढू नका

दादाने मला ती मालिका दाखवायला घेतली, तेव्हा आधी एक वही हातात ठेवली. वहीत भागांची यादी. ७ सीझन, १७२ भाग आणि प्रत्येकापुढे टिंबं. एक टिंब म्हणजे 'बघ'. दोन टिंबं म्हणजे 'फोन लांब ठेवून बघ'. तीन टिंबं म्हणजे 'मी शेजारी असल्याशिवाय बघू नकोस'. दुसऱ्या सीझनच्या पंधराव्या भागापुढे मात्र टिंब नव्हतं. तिथे बॉलपेनने एवढं खरडलं होतं की कागद फाटून मागच्या पानावरचा आकडा दिसत होता.

"आणि हा?"

"तो नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. चौदा झाला की सोळा."

मालिका होती 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी चुका काढायच्या नाहीत. व्हॉयेजर नावाचं अंतराळयान एका फटक्यात आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला, ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. पूर्ण वेगाने निघालं तरी घरी पोचायला ७५ वर्षं. कॅप्टन जेनवे म्हणते, चला. आणि निघतात बिचारे.

दादा ट्रेकी आहे. म्हणजे भक्त. या लोकांना हलक्यात घेऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो आणि इतिहासही तेच सांगतो. मूळची 'स्टार ट्रेक' मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा यांनी वाहिनीवर पत्रांचा असा मारा केला की मार्च १९६८ मध्ये 'मालिका चालू राहणार आहे' असं पडद्यावरून जाहीर करावं लागलं. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव ठरलं होतं 'कॉन्स्टिट्यूशन'. यांनी थेट व्हाइट हाउसला पत्रं धाडली आणि ते 'एंटरप्राइझ' करून घेतलं. ते शटल नुसतं चाचण्यांसाठी होतं, अंतराळात ते कधी गेलंच नाही. हे वाक्य दादासमोर म्हणू नये. मी एकदा म्हटलं होतं.

असा माणूस 'चौदा झाला की सोळा' म्हणतो, तेव्हा शहाण्याने सोळा लावावा. मी दोन दिवस शहाणा राहिलो. तिसऱ्या रात्री घर झोपल्यावर इअरफोन लावले, स्क्रीनचा उजेड कमी केला, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि पंधरावा लावला. या वयात माणसं पांघरुणाखाली काय काय बघत असतील, मी उत्क्रांतीवर आधारित विज्ञानकथा बघत होतो.

भागाचं नाव 'थ्रेशोल्ड'. २९ जानेवारी १९९६ ला पहिल्यांदा दाखवला गेला. यानाचा चालक टॉम पॅरिस 'वॉर्प १०' हा वेग गाठायचं ठरवतो. वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, म्हणजे एकाच क्षणी विश्वात सगळीकडे असणं. गडी तो गाठतो, सगळीकडे जाऊन येतो आणि परत आल्यावर बिघडतो. पाणी सोसत नाही, श्वास कोंडतो. मरतो. मेलेला उठून बसतो, आता छातीत दोन हृदयं. केस झडतात. मग जीभ गळून पडते, आणि ही जीभ तो हातात धरतो. मी पांघरुणाखाली 'ई!' केलं आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

याच भागात एक जागा आहे. पॅरिस बेशुद्ध पडलाय, सगळे चिंतेत, आणि यानावरच्या डॉक्टरला (तो माणूस नाही, होलोग्राम आहे) कोणीतरी विचारतं, याला शुद्धीवर आणता येईल का? डॉक्टर म्हणतो, न यायला काय झालं. आता सुई, यंत्र, काहीतरी निघणार म्हणून आपण पुढे सरकतो. तर हा वाकतो आणि पेशंटवर खच्चून ओरडतो, ऊठ! मी इतका हसलो की खोकला आला आणि पलीकडच्या खोलीत दिवा लागला. मी श्वास रोखून पडलो. दिवा गेला. पुढचं बघितलं.

पुढे पॅरिस कॅप्टन जेनवेलाच पळवतो, पुन्हा वॉर्प १० आणि तीन दिवसांनी सहकाऱ्यांना दोघं सापडतात ती एका दलदलीच्या ग्रहावर, सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) झालेली. सोबत तीन पिल्लं. पिल्लं सुळकन पाण्यात जातात. मोठ्यांना यानावर आणून डॉक्टर पुन्हा माणूस करतो. खेळ खलास.

मला हा भाग आवडला. हे मी आता मोकळेपणाने लिहितोय, पण त्या रात्री स्वतःशी कबूल करायलाही पंधरा मिनिटं लागली. लाजेने मी सोळावा लावला, पण तो काय होता ते आठवत नाही.

पुढचे दोन आठवडे मी निभावून नेलं. कोणी 'वॉर्प' म्हटलं की मी खिडकीबाहेर बघायचो. पॅरिस पडद्यावर आला की जिभेवरून नजर हटवायचो. आणि मग एका शनिवारी, दादा आणि त्याचे दोन मित्र शेजारी बसलेले असताना, तिसऱ्या सीझनमधल्या कुठल्याशा प्रसंगात कॅप्टन जेनवेने हुकूम सोडला आणि पॅरिस म्हणाला, "येस, कॅप्टन." माझ्या तोंडून निघून गेलं,

"तीन पोरं झाली तरी अजून 'येस कॅप्टन'च!"

दादाने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. जेनवेचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, तसंच माझंही.

"कधी बघितलास?"

"कुठला?"

"नाव घ्यायला लावू नकोस."

त्याच्या मित्रांबद्दल सांगतो. एक जीवशास्त्र शिकवतो. दुसरा काय करतो ते मला दहा वर्षांत कळलेलं नाही, पण वॉर्प या विषयावर तो शब्द टाकतो आणि इतर लोक टिपून घेतात. मला सोफ्यावरून उठवून समोरच्या स्टुलावर बसवलं गेलं. हे कोणी सांगितलं नाही, आपोआप झालं.

"आवडला?" जीवशास्त्रवाल्याने विचारलं, पेशंटला 'दुखतंय?' विचारतात त्या सुरात.

"थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"डॉक्टर ओरडतो तिथे... आणि जीभ..."

जीवशास्त्रवाल्याने कपाळाला हात लावला. "अरे, एकटा माणूस उत्क्रांत होत नसतो! प्रजाती होते. पिढ्यान् पिढ्या लागतात. आणि माणसाच्या पेशींमध्ये 'पुढचा टप्पा सॅलॅमँडर' असं कोणी लिहून ठेवलेलं नाही. उत्क्रांतीला पुढचं स्टेशन नसतं!"

"बरोबर," दादा म्हणाला. "माणूस पुढे जाऊन काय होणार, तर पाल!"

"पाल नव्हे!" जीवशास्त्रवाला त्याच्यावर उलटला. "पाल सरपटणारी. सॅलॅमँडर उभयचर. तेवढं तरी नीट बोल."

मला क्षणभर हायसं वाटलं. पण वॉर्पवाल्याने घसा साफ केला. त्याचं म्हणणं असं की मुळात वॉर्प १० हा आकडाच घोळाचा. साठच्या दशकातल्या मालिकेत यान वॉर्प १४ च्याही पुढे गेलं होतं, तेव्हा कोणाची जीभ गळली नाही. मग १९८७ च्या मालिकेत मोजपट्टी बदलली, १० म्हणजे अनंत ठरलं. ठीक. पण तिच्याच १९९४ च्या शेवटच्या भागात भविष्यातलं यान वॉर्प १३ ने जातं. अनंताच्या पुढे तीन!

"तिथे मोजपट्टी परत बदलली असणार," दादा म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"समजून घ्यायचं असतं."

"मग थ्रेशोल्डपण समजून घे!"

नाव घेतलं गेलं. खोलीत शांतता पसरली. मी स्टुलावरून हळूच उठून सोफ्याच्या कडेला टेकलो, कोणाच्या लक्षात आलं नाही.

दादाचा आक्षेप वेगळा होता आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यांत जबर होता. त्याचं विज्ञानाशी काही भांडण नव्हतं. त्याचं भांडण व्यवहाराशी होतं. "७५ वर्षांचा प्रवास. वॉर्प १० ने तो क्षणात होतो. दुष्परिणाम एकच, सॅलॅमँडर होणं. आणि डॉक्टरकडे त्याचा इलाज आहे, शेवटच्या पाच मिनिटांत तो दोघांना बरं करतो! मग दीडशेच्या दीडशे लोकांनी सॅलॅमँडर व्हायचं, घरी जायचं, रांग लावायची, बरं व्हायचं. एका सकाळचं काम! हे सात वर्षं भटकत का बसले?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पांघरुणाखालीच सुचलेलं. "दादा, हा एकूण एकतिसावा भाग. तसं केलं असतं तर मालिका एकतिसाव्या भागात संपली असती. वहीत उरलेल्या १४१ भागांची टिंबं कुठे दिली असतीस?"

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं जिंकलो. लगेच दुसरा पत्ता टाकला, "आणि टीव्हीचा एमी पुरस्कार मिळालाय त्याला."

"मेकअपला!" तिघं एकदम.

"ज्याने लिहिला त्या ब्रॅनन ब्रागाने स्वतःच हात टेकले नंतर," वॉर्पवाला म्हणाला. "तो म्हणतो वाईट आहे. आणि तू म्हणतोस चांगला!"

"लेखकाचं काय ऐकायचं? जीभ हातात घेतो तेव्हा ती कोरडी आहे का ओली, याकडे किती लक्ष दिलंय..."

"जीभ आधी येत नाही," दादा म्हणाला. "आधी केस. आणि दोन हृदयं त्याच्या आधी. ज्या शटलमधून जातो तिचं नाव कॉक्रेन. जेनवे शेवटी त्याला म्हणते की मूल व्हावं असं कधीकधी मनात यायचं, पण तुझ्याबरोबर, असं कधी वाटलं नव्हतं. तो माफी मागतो, तर ती म्हणते, ती कल्पना तुझीच होती कशावरून?"

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने जेनवेचा आवाजसुद्धा काढला होता.

"किती वेळा बघितलास?" मी विचारलं.

"चुका काढायला बघावा लागतो."

"किती?"

"तो मुद्दा नाही."

जीवशास्त्रवाल्याने नख खाल्लं. वॉर्पवाल्याने चष्मा पुसला. मग जीवशास्त्रवाला म्हणाला की पायांची बोटं मोजून बघायला हवीत, पुढे चार आणि मागे पाच आहेत की नाहीत यावर त्याचा बराच राग अवलंबून आहे. ठरलं. पुरावा म्हणून भाग लावायचा, फक्त शेवटची दहा मिनिटं. दादाने रिमोट असा धरला, जणू त्याला कोणी जबरदस्ती करतंय. पण अचूक सेकंदावर नेऊन थांबवला.

तेवढ्यात वहिनी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. ती एका कंपनीत कर्मचाऱ्यांचे पगार आणि रजा बघते आणि महिनाअखेर होती. या मालिकेचा तिने आजवर एकही भाग पाहिलेला नाही, आणि हा तिच्या संसाराचा एक भक्कम पाया आहे असं मला वाटतं. पडद्यावर चिखलात दोन सॅलॅमँडर पसरलेले, शेजारी तीन लहान.

"हे काय, प्राण्यांचं काही लावलंय का?"

"ही कॅप्टन आहे," दादा म्हणाला.

"यातली कुठली?"

कोणी उत्तर देईना. भागातल्या लोकांनाही तो प्रश्न पडतो, म्हणून दादाचं फारसं चुकलं नाही.

"आणि छोटी?"

"त्यांची पिल्लं," मी म्हटलं. "तिची आणि त्या दुसऱ्याची. तो तिच्या हाताखाली काम करतो."

वहिनी थांबली. लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. पडद्यावर पिल्लं पाण्यात गेली, दृश्य बदललं, कॅप्टन माणूस होऊन बिछान्यावर बोलू लागली.

"मुलं कुठे आहेत?"

"तिथेच. ग्रहावर."

"आणि ही?"

"कामावर. पुढच्या भागात यान चालवते."

"रजा?"

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा वेळ विश्वाचा वेग, जनुकं, अनंताच्या पुढचे तीन, सगळं झालं होतं. 'रजा' हा शब्द या खोलीत कधी आलाच नव्हता.

"पण ती सॅलॅमँडर होती ना तेव्हा," जीवशास्त्रवाला चाचरत म्हणाला.

"तेव्हा ती कॅप्टन होती की नव्हती? पगार चालू होता ना?" वहिनीने विचारलं. "स्टारफ्लीट... यांच्या खात्याला स्टारफ्लीटच म्हणता ना? त्यांच्याकडे बाळंतपणाच्या रजेचा नियम काय आहे? आणि भावजी, त्या दुसऱ्याला काय कारवाई झाली?"

"कारवाई नाही. ती म्हणाली, कल्पना माझी असेल."

"लेखी?"

वॉर्पवाला उठून उभा राहिला. "थांबा. एन्साइन वाइल्डमन, ती कनिष्ठ अधिकारी! ती यानावरच बाळंत होते. त्याच सीझनमध्ये. त्यात रजेचा उल्लेख असला तर..."

"तिचा नवरा यानावर नव्हताच," दादा म्हणाला, "म्हणून ती केस वेगळी."

"वेगळी कशी? दोघी ड्यूटीवरच होत्या ना?"

"तुमचं ठरलं की मला सांगा," वहिनी म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली.

पावणेदोनला मी झोपायला निघालो तेव्हा वॉर्पवाला वाइल्डमनच्या बाळाचा भाग शोधत होता, जीवशास्त्रवाला सॅलॅमँडरची पिल्लं आईविना जगतात का यावर पुस्तक उघडून बसला होता आणि दादा वहीत बोट घालून सांगत होता, "एकविसावा लाव. त्याला तीन टिंबं आहेत."