माझा सा आणि तळमजल्याचा धैवत

सगळी चूक त्या बटाटेवड्याची आहे.

झालं असं की बालगंधर्वला संगीत सौभद्रचा प्रयोग बघायला गेलो होतो, मध्यंतरात बाहेर वडा घेऊन उभा होतो आणि आतल्या पदांचा असा काही अंमल चढला होता की घास तोंडात असतानाच मी बायकोला म्हणालो, "हे घरी करायला पाहिजे." ती म्हणाली, "घरी नको, तळणाचा वास दोन दिवस जात नाही." मी गाण्याबद्दल बोलतोय हे कळल्यावर ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "त्यापेक्षा वडे कर."

तरी मी क्लास शोधलाच. सदाशिव पेठेत, वाडा पाडून झालेल्या बिल्डिंगमधे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गळा, शास्त्र आणि नाट्यपद असं तिन्ही शिकवणाऱ्या एक बाई आहेत, एकेकट्याला शिकवतात, असं एका मित्राने सांगितलं होतं. फोन केला.

"विद्यार्थ्याचं वय काय?"

"सत्तेचाळीस."

"विद्यार्थ्याचं विचारलं मी, पालकांचं नाही."

"मीच विद्यार्थी."

"हं." त्या 'हं'मधे इतक्या श्रुती, म्हणजे स्वरांतले बारीक बारीक टप्पे, होत्या की पुढे बावीसचा हिशोब शिकताना मला तो सारखा आठवायचा. शेवटी म्हणाल्या, "या. पण तीन महिने तरी कुणाला सांगू नका गाणं शिकताय म्हणून."

पुण्यातल्या पाट्यांवर विनोद करायचे नाहीत असं मी ठरवलेलं आहे, त्यामुळे दारावर काय लिहिलं होतं ते सोडून देतो. आत गेलो. सतरंजी, पेटी, कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा, आणि वाजतंय मात्र मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप. बाईंनी विचारलं, "पट्टी कोणती तुमची?" मी म्हणालो, "आणायला सांगितली नव्हती." त्या हसल्या नाहीत. मग कळलं की पट्टी म्हणजे तुमचा सा पेटीच्या कुठल्या स्वरावर बसतो ते. काळी एक, पांढरी दोन असं काहीतरी, पुरुषांचं साधारण याच भागात कुठेतरी असतं म्हणे. माझं कुठेच नव्हतं. मी सा लावायचो, बाई तो पेटीवर शोधायच्या, सापडेपर्यंत मी दुसरीकडे गेलेला असायचो. पाच मिनिटं हा पाठलाग झाल्यावर त्यांनी भाता सोडला आणि शांतपणे म्हणाल्या, "एक ठरवू या. मी तुमच्या मागे येऊ का तुम्ही माझ्या मागे येताय?"

शेवटी काळी एक ठरली. मला वाटलं चला, पट्टी मिळाली, आता पुढच्या आठवड्यात सौभद्र. तर पुढचे दोन महिने फक्त सा. पहाटे उठून खर्जाचा रियाज, म्हणजे खालच्या सप्तकात जाऊन एकेक स्वर धरून बसायचं. बाई लावायच्या तेव्हा देवळातल्या घंटेची आस ऐकल्यासारखं वाटायचं, मी लावला की आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर. ही माझी उपमा नाही, वॉचमनने एकदा खरंच पहाटे पावणेसहाला मोटर बंद करायला जाऊन बघितलं होतं, ती बंदच होती.

आता खरं दुखणं सांगतो. गाणं शिकणं अवघड असतंच, ते जगात कुठेही असेल, पण पुण्यात गाणं शिकताना दुसऱ्याला ऐकू जाणं हे फार अवघड आहे. दुसऱ्या गावात शेजारी 'आवाज कमी करा' म्हणत असतील. आमच्या तळमजल्यावर जे आजोबा राहतात त्यांनी सवाई गंधर्व महोत्सव वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत बसून ऐकलेला आहे, आणि त्यांनी आवाजाबद्दल आजतागायत एक अक्षर काढलेलं नाही. पहिल्यांदा जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "आवाजाचा त्रास नाही हो काही. धैवत उतरतोय तेवढा बघा."

धैवत! मला तेव्हा धैवत, म्हणजे सा रे ग म प ध नी मधला ध, कुठे असतो ते धड माहीत नव्हतं, आणि माझा तो उतरतोय, म्हणजे जागेवरून खाली घसरतोय, हे तीन मजले खाली कळत होतं.

तिसऱ्या महिन्यात भूप राग सुरू झाला आणि त्याबरोबर शास्त्र. मी इंजिनियर माणूस, म्हणलं गळ्याचं जाऊ दे, शास्त्रात आपण बाजी मारू, एक्सेल शीटच काढली. बारा स्वर. बावीस श्रुती, त्यात सा, म, प यांना चार-चार, रे आणि ध यांना तीन-तीन, ग आणि नी यांना दोन-दोन. भातखंड्यांनी राग ज्यांत वाटून ठेवलेत ते दहा थाट. सगळं छान रकान्यात बसलं. मग देशकार राग आला. भूपात मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, नाहीत, उरले सा रे ग प ध. देशकारात पण मध्यम निषाद नाहीत, उरले तेच पाच. मी दोन ओळी एकाखाली एक टाकल्या तर एक्सेलने डुप्लिकेट म्हणून लाल करून दाखवल्या.

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, भूपात जोर गंधारावर, म्हणजे ग वर, देशकारात धैवतावर, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. "म्हणजे तेच स्वर आणि राग वेगळा?" "पोहे आणि दडपे पोहे, जिन्नस बघा काय वेगळे आहेत ते." हे पटलं. पण पुढे त्या म्हणाल्या की भूप कल्याण थाटातला आणि देशकार बिलावल थाटातला. मी शीट उघडली. या दोन थाटांत फरक एकाच स्वराचा, कल्याणमधे तीव्र मध्यम, बिलावलमधे शुद्ध मध्यम. आणि मध्यम तर दोघांकडेही नाही! जो स्वर दोघांनीही आयुष्यात वापरला नाही त्याच्यावरून दोघांची घराणी वेगळी केलेली. मी अगदी खटला जिंकल्याच्या थाटात हे मांडलं. बाईंनी चहाचा घोट घेतला. म्हणाल्या, "तुमच्याकडे गावाला भाऊबंदकी नाही का? जमीन कधीच गेलेली असते, पण दोन घरं एकमेकांकडे जेवत नाहीत." त्या दिवशी मी एक्सेल बंद केली ती केलीच.

रियाजाला मला वेळ मिळायचा तो सकाळी सहालाच, मग सकाळी भूप. आता आपल्याकडच्या कित्येक जुन्या भूपाळ्या पहाटेच म्हणतात आणि भूपातच असतात, त्यामुळे मला यात काही गैर वाटलं नव्हतं. पण एक दिवस आजोबा दूध घ्यायला निघालेले भेटले आणि चक्क खूश दिसले. "वा, वेळ सांभाळता हो तुम्ही. सकाळचा देशकार ऐकून बरं वाटलं." मी भूप म्हणत होतो. धैवत उतरू नये म्हणून तो इतका दाबून धरत होतो की खाली पोचेपर्यंत रागच बदलला होता. मी काही दुरुस्ती केली नाही. "प्रयत्न चालू आहे," म्हणालो आणि दुधाच्या पिशवीकडे बघत राहिलो.

घरातही सुटका नव्हती. एकदा 'ग प ध सां' वर अडकलो होतो, वर जाताना प्रत्येक वेळी पाय घसरल्यासारखं व्हायचं, आठ वेळा झालं, दहा वेळा झालं. स्वयंपाकघरात कामवाल्या मावशी भांडी घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "दादा, असं नाही ते," म्हणाल्या आणि कढई हातात धरूनच एका अभंगाची ओळ म्हणून दाखवली, एका दमात, खालून वरपर्यंत, कुठेही ठेच नाही, आणि वरचा सा असा लागला की ओट्यावरचा स्टीलचा पेला उगाच वाजल्यासारखा वाटला. मग नळ परत चालू. वादी-संवादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार, हे शब्द त्यांनी कधी ऐकलेले नाहीत, दरवर्षी पायी वारीला जातात तेवढंच. मी हे मोठ्या कौतुकाने बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "अरे वा. मग त्यांना का नाही पाठवत?"

तालाचं तर विचारू नका. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिली सम, पाचवीला आणि तेरावीला टाळी, नववीला खाली, म्हणजे टाळी द्यायची नाही, हात नुसता बाहेर उघडायचा. बाई म्हणाल्या जाता-येता म्हणत राहा, अंगात मुरला पाहिजे. म्हणून अलका चौकात उभं राहून सिग्नलची वाट बघता बघता धा धिं धिं धा करत होतो, नववी मात्रा आली, हात बाहेर टाकला, आणि समोर रिक्षा येऊन थांबली. पुण्यात! न विचारता! "बसा, कुठं जायचंय?" जन्मात पहिल्यांदा असं झालं आणि मला जायचं नव्हतं कुठेच. "खाली दाखवत होतो," म्हणालो. तो खाली रस्त्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून निघून गेला. या सगळ्यात सम चुकली ते वेगळंच.

मग अखेर नाट्यपद. बाई त्या दिवशी जरा रंगात होत्या. म्हणाल्या, ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं ते इथेच, बुधवार पेठेत, आनंदोद्भव थिएटरात, इथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि १८८२ ला सौभद्र, "आणि तेव्हा माईक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या माणसाने पूर्ण तिकीट काढलेलं असायचं, कळलं? म्हणा."

म्हणालो. नुसतं बसून म्हणताना बरं जात होतं. मग म्हणाल्या, "आता उभे राहा. नाटकात बसून कोण गातं?" उभा राहिलो आणि लक्षात आलं की मला दोन हात आहेत. बसलेलं असताना हे कधी जाणवत नाही. एक खिशात घातला तर म्हणाल्या, अर्जुनाला खिसा नव्हता. मागे बांधले तर म्हणाल्या, शाळेत उभं केलंय का. मग चालायचं ठरलं, चार पावलं पुढे आणि चौथ्या पावलाला सम, पण खोली दहा बाय बारा, सम यायच्या आधी भिंत यायची. एकदा दोन्ही एकदमच आल्या, तेव्हा मात्र बाई पहिल्यांदा "हां!" म्हणाल्या.

आणि भाव. नायक नायिकेची विनवणी करतोय असं पद होतं. मी सूर सांभाळत, मात्रा मोजत, हात लपवत विनवणी केली. बाई म्हणाल्या, "सुभद्रेला सांगताय का सोसायटीच्या सेक्रेटरीला? मेंटेनन्स थकल्यासारखं वाटतंय." घरी आल्यावर बेडरूमचं दार लावून कपडे वाळत घालायच्या स्टँडसमोर प्रॅक्टिस केली, त्यावर बायकोची ओढणी होती म्हणून प्रसंग जरा जिवंत वाटला. डोळे मिटून विनवणी करून उघडले तर लेक दारात, हातात मोबाईल. तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेला. नागपूरच्या मावशीने फक्त एवढंच लिहिलं, "तब्येत सांभाळा."

वर्षभराने बाईंनी परीक्षेला बसवलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक. पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी लांब रांग आहे, मी तिच्या अगदी शेपटाला. केंद्र एका शाळेत होतं, बाहेर तिसरी-चौथीच्या बाकांवर आम्ही परीक्षार्थी बसलो होतो, बाकीच्या अकरा जणांच्या आया बाहेर उभ्या होत्या, माझी बायको पार्किंग शोधत होती. माझे गुडघे बाकाच्या वर येत होते. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी, फार तर नऊ वर्षांची, खाऊच्या डब्यातली चकली खात मी ओठातल्या ओठात तीनताल म्हणतोय ते बघत होती. मग चकली दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही खालीला पण टाळी देताय." खरंच देत होतो. रिक्षा थांबल्यापासून भीतीच बसली होती हात बाहेर टाकायची. तिने माझा हात धरून तीनदा करून घेतलं. परीक्षकांनी आत नेमकं तेच विचारलं, आणि नवव्या मात्रेला माझा हात इतका बाणेदारपणे बाहेर गेला की त्यांच्या समोरचा पाण्याचा ग्लास थोडक्यात वाचला.

पास झालो. मार्क सांगत नाही, त्या वेणीवालीला जास्त असणार.

पाव किलो पेढे घेतले, कामवाल्या मावशींना दिले, त्या म्हणाल्या, "पास झालात? मग आता बंद ना?" मग तळमजल्यावर गेलो. आजोबांनी दार उघडलं, पेढा घेतला, अर्धा परत बॉक्समधे ठेवला, त्यांना शुगर आहे. पाठ थोपटली, मनापासून थोपटली. मी निघालो तशी मागून हाक आली.

"अहो, परीक्षक कोण होते?"

"नाव नाही विचारलं. का हो?"

"नाही, सहज," आजोबा म्हणाले आणि दार लावून घेतलं.