बियरचे दोन कॅन आणि दीड कप चहा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही पाचजण गावभागातल्या घराच्या वरच्या मजल्यावर कोरडा भडंग खात बसलो होतो. गॅस खालीच राहिलेला. तो बुडाला असता तर एवढं लागलं नसतं. पण भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. वजन तीसेक किलो, आणि बाजूला सारतो पस्तीसेक लिटर पाणी. आमचा लाल सिलिंडर माझ्या डोळ्यांदेखत डुलत डुलत गल्लीबाहेर पडला. त्या क्षणी मला आयुष्यात कधी नव्हे एवढी चहाची तलफ आली.

पाणी उतरल्यावर ठरवलं, घरात पुराची पिशवी तयार हवी. बॅटरी, औषधं, कागदपत्रं एका दुपारी भरली. चुलीने मात्र दोन महिने खाल्ले.

पहिला प्रयोग रसगुल्ल्याच्या रिकाम्या डब्याचा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा गुंडाळून आत बसवायचा, वरून वितळलेलं मेण ओतायचं. पुठ्ठा म्हणजे वात, मेण म्हणजे इंधन. मेण वितळवायला मी घेतलं दुधाचं पातेलं. त्याबद्दल घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. डबा पेटला मात्र झकास. चहाला वाढदिवसाच्या केकचा वास आला, भांड्याच्या बुडाला बोटभर काजळी धरली, आणि विझवायचं कसं हे मी वाचलंच नव्हतं. फुंकून फुंकून मला घेरी आली. शेवटी आई उठली, डब्यावर तवा पालथा घातला आणि परत जपमाळ घेऊन बसली.

मग स्पिरिटची चूल. पेयाचे दोन ॲल्युमिनियमचे कॅन कापून बुडं एकमेकांत बसवायची, कडेला टाचणीने बारीक भोकं पाडायची, आत स्पिरिट. आमच्या घरी कोकमाच्या पुढे पेय जात नाही, म्हणून भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे होते ते बियरचे. ॲल्युमिनियम पातळ, दोनातला एक चेमटणारच म्हणून दहा घेतले. पिशवी खुळखुळवत परतताना नेमके गणपती मंदिरासमोर बायकोचे काका भेटले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "जावईबापू, घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हणालो, "पुराची तयारी चाललीय." ते म्हणाले, "असू दे, असू दे."

मेडिकलवाल्यानेही स्पिरिटची तिसरी बाटली देताना जखम कुठे आहे असं विचारलं. चहूबाजूंनी उसाचा मुलूख, मळीपासून इथेनॉल टँकरने निघतंय, आणि मी शंभर मिलीसाठी खोटी जखम सांगतोय!

चूल गच्चीवर पेटवली. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. पेटलीय की नाही बघायला वाकलो, तर डाव्या भुवईने कळवलं. त्यात वारा. चारी बाजूंनी पत्रा लावला, तीसेक मिली स्पिरिट घातलं आणि बारा मिनिटांनी दीड कप चहा झाला. तो मी एकट्यानेच प्यायलो, कारण बाकीच्यांनी खाली गॅसवर केव्हाच करून घेतला होता.

बायकोने तिथेच हिशेब मांडला. पाच माणसं, दोन वेळचा चहा, खिचडी, पिण्याचं पाणी उकळायचं, चार दिवस. "अहो, एवढं स्पिरिट घरात भरून ठेवलं तर पुराची वाट बघायलाच नको." शिवाय बंद खोलीत पेटवायचं नाही, विषारी वायू साठतो; म्हणजे खिडकी उघडी, पाऊस आत, चूल गार. तरी मी बाटली पिशवीत ठेवलीच.

२०२१ च्या जुलैत पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून चढायला लागलं. मी रुबाबात पिशवी काढली. झाकण नीट लागलं नव्हतं. बाटली ठणठणीत कोरडी. भडंगाचा डबाही रिकामा होता, तो मीच मधल्या काळात क्रिकेटच्या मॅच बघताना संपवला होता. ४५ फुटांची धोक्याची पातळी यायच्या आत कुलूप लावून आम्ही मिरजेला बहिणीकडे निघालो.

दारातच ती म्हणाली, "दादा, तो डब्यांचा स्टोव्ह आणलायस ना? बंटीला प्रोजेक्टला पाहिजे."