नऊ डीबीआयचा अँटेना आणि वरच्या मजल्यावरचं नेट

"राउटरला ९ डीबीआयचे लांब अँटेने लावा, पॉवर आठ पट, वेग दुप्पट, तिन्ही मजल्यांवर नेट" असा मेसेज सध्या फिरतोय. यातला 'आठ पट' आकडा हवेतला नाही. पण त्याचा अर्थ पार उलटा लावलाय.

अँटेना स्वतः ऊर्जा तयार करत नाही. राउटर देईल तेवढीच तो पसरवतो. डीबीआय हे अँटेना ती ऊर्जा एका दिशेला किती एकवटतो याचं माप. ९ डीबीआय म्हणजे सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत, एका ठरावीक दिशेला सुमारे ८ पट तीव्रता. ती येते बाकीच्या दिशांच्या वाट्यातून. राउटरसोबत आलेल्या साध्या उभ्या अँटेनाचा पसारा साधारण मेदूवड्यासारखा असतो. डीबीआय वाढला की तोच वडा थापून भाकरी होते: आडवा लांबवर, वर-खाली पातळ. म्हणजे एकाच मजल्यावरच्या लांबच्या खोलीत फायदा होईलही, पण वरच्या मजल्यावर रेंज उलट घटू शकते.

लांबीचंही तसंच. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे अर्ध्या तरंगलांबीएवढा साधा अँटेना जेमतेम सहा सेंटिमीटरचा. स्वस्तातल्या लांबलचक काळ्या नळीत बरेचदा तेवढाच तुकडा असतो, बाकी पोकळ प्लास्टिक!

आणि वेग? तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर कुठलाही अँटेना लावून इंटरनेट २०० चं होणार नाही. आधी राउटर टीव्हीमागून काढून मोकळ्या जागी, उंचावर ठेवून बघा. फुकट आहे.